घरांतील विज्ञान : विखुरलेले फोटो एका चौकटींत

गिरगांवांतील चाळींत किंवा दादरच्या हिंदु कॉलनींतील एखाद्या ब्लॉकांत ज्यांचें बालपण गेलें, त्यांना बाहेरच्या खोलींतील फोटोंची भिंत आठवत असेल. पगडी घातलेले पणजोबा व त्यांच्या फोटोला चंदनाचा हार. शेजारीं मुंजीचा बटु. त्याखालीं लग्नाची जोडी. आणि एका मोठ्या चौकटींत सारें कुटुंब : खुर्च्यांवर वडील माणसें, मागें मुलगे व सुना, पुढें सतरंजीवर मुलें. कोणाचा फोटो कोणाशेजारीं लावावयाचा, हें घरांतील मोठीं माणसें विचारपूर्वक ठरवीत असत. आतां ती भिंत बहुतेक घरांतून नाहींशी झाली आहे. जागा अपुरी पडली म्हणून कोणी डोंबिवलीस गेला, कोणी पुण्यास, कोणी न्यू जर्सीस. चाळीच्या जागीं मनोरा उभा राहिला. आणि भिंतीवरचे फोटो चार घरांच्या कपाटांत व वीस मोबाइलांत विखुरले. ते पुन्हा एका चौकटींत कसे आणावे, आणि आणतांना काय करूं नये, याचा विचार या वेळीं करूं.

असें काम निघालें कीं घरांतील तरुण मंडळी एकच उपाय सुचवितात : “एखादें कोलाजचें अ‍ॅप घ्या.” सल्ला सदिच्छेचा असतो; परंतु बहुधा अनावश्यक असतो. दोन, चार किंवा सहा फोटो शेजारीं शेजारीं बसवून त्यांचें एक चित्र करणें, एवढेंच काम असेल तर त्याचें साधन बहुतेक मोबाइलांत आधींपासूनच असतें. घरांत पाटा-वरवंटा असतां चटणी वाटण्यासाठीं अनोळखी माणसाच्या दारीं जावें, तसा हा प्रकार आहे; आणि त्या अनोळखी माणसाला आपण नुसतें चटणीचें साहित्य देत नाहीं, तर सबंध कोठीची किल्ली देतों.

किल्लीची ही उपमा अतिशयोक्तीची नाहीं. नवें अ‍ॅप उघडतांच तें विचारतें, “आपल्या सर्व फोटोंकडे पाहूं का?” आपण घाईनें होकाराचें बटण दाबतों. त्या सर्व फोटोंत मुंजीचे व मंगळागौरीचेच फोटो असतात काय? त्यांत बँकेच्या पासबुकाचें पान असतें, आधार कार्ड असतें, डॉक्टरांची चिठ्ठी असते, न्हाणीघरांत पाणी उडविणाऱ्या नातीचा फोटोहि असतो. घरांतील एकानें होकार दिला, तरी फोटोंत सारें घर असतें. आणि इतरांना कोणीं विचारलेलें नसतें.

याचा अनुभव जगाला येऊन चुकला आहे. २०१९ च्या जानेवारींत ट्रेंड मायक्रो या संगणक-सुरक्षेच्या कंपनीनें फोटो काढण्याच्या व सजविण्याच्या अशा २९ अ‍ॅपांची माहिती प्रसिद्ध केली, कीं जीं गूगलच्या दुकानांत राजरोस मिळत होतीं. त्यांतील कांहीं, फोटो सुंदर करून देण्याच्या मिषानें तो आपल्या संगणकाकडे ओढून घेत, आणि सजविलेल्या फोटोऐवजीं “अ‍ॅप अद्ययावत् करा” अशी खोटी सूचना दाखवीत. फोटो मात्र त्यांच्याकडेच राही. गूगलनें पुढें हीं अ‍ॅपें काढून टाकलीं. त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें, कागदांचे फोटो काढण्यासाठीं आपल्याकडे घरोघरीं वापरांत असलेल्या कॅमस्कॅनरमध्यें अपायकारक भाग सांपडल्याचें कॅस्परस्की या कंपनीनें दाखवून दिलें. २९ जून २०२० रोजीं भारत सरकारनें ज्या ५९ अ‍ॅपांवर बंदी घातली, त्यांत कॅमस्कॅनर होतें, आणि मेइतू, ब्यूटीप्लस, फोटो वंडर अशीं फोटो सजविण्याचीं अ‍ॅपेंहि होतीं. पुढें २०२३ सालीं वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेनें संमत केला. कायदा असणें चांगलेंच. परंतु एकदां परक्याच्या हातीं गेलेला फोटो परत आणणें कायद्यालाहि अवघड आहे.

आतां प्रत्यक्ष कृतीकडे वळूं. समजा, घरांत आजोबांचें सहस्रचंद्रदर्शन आहे. एका पौर्णिमेपासून दुसऱ्या पौर्णिमेपर्यंत सुमारें साडेएकोणतीस दिवस जातात. त्या हिशेबानें हजार पौर्णिमा पाहण्यास सुमारें ८० वर्षें १० महिने लागतात. एवढ्या दीर्घ आयुष्याचे चार टप्पे एका चौकटींत मांडावयाचे आहेत. मुंजीचा फोटो गिरगांवांत काकांकडे, लग्नाचा दादरला आत्याबाईंकडे, नोकरीच्या दिवसांतला परळला एका जुन्या स्नेह्यांकडे, आणि नातवंडांसह काढलेला परदेशीं असलेल्या मुलाच्या मोबाइलांत आहे.

प्रथम जुन्या कागदी फोटोंचे चांगले फोटो काढून घ्यावे. दिवसाउजेडीं खिडकीजवळ, पण उन्हांत नव्हे, फोटो सपाट ठेवावा. मोबाइल त्याच्या बरोबर वर समांतर धरावा. फ्लॅश लावूं नये. फोटो कांचेच्या चौकटींत असेल तर सावकाश बाहेर काढावा. मात्र मुंबईच्या दमट हवेनें तो कांचेला चिकटला असेल तर मुळींच ओढूं नये. वरचा रंगाचा थर कांचेबरोबर निघून येतो. अशा वेळीं कांचेसकटच फोटो काढावा, आणि कांचेंत आपलें प्रतिबिंब पडूं नये म्हणून मोबाइलाच्या मागें एखादें गडद रंगाचें लुगडें किंवा चादर कोणास तरी धरावयास सांगावें.

पुढची पायरी म्हणजे हे फोटो एका मोबाइलांत आणणें. येथें पुष्कळांचा घोटाळा होतो. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमींच्या रीतीनें पाठविलेला फोटो वाटेंत लहान केला जातो. पडद्यावर तो सुबक दिसतो. छापल्यावर आजोबांचा चेहरा धुरकट येतो. म्हणून पाठविणारास सांगावें, कीं फोटो “डॉक्युमेंट” म्हणून पाठवा. म्हणजे मूळ फाइल जशीच्या तशी येते. पडद्याचा स्क्रीनशॉट तर कधींच पाठवूं नये. त्यांत मूळ फोटोंतील बराच तपशील गळून पडतो.

चारहि फोटो हातीं आले कीं जोडण्याचें काम पांच मिनिटांचें आहे. अँड्रॉइड जातीच्या बहुतेक मोबाइलांत गूगल फोटोज आधींपासून असतें. त्यांत एका फोटोवर बोट दाबून धरावें, मग बाकीच्या फोटोंना स्पर्श करून ते निवडावे, आणि अधिकचें चिन्ह किंवा “क्रिएट” हा शब्द जेथें दिसेल तेथें जाऊन “कोलाज” निवडावें. चौकटींचे नमुने समोर येतात. त्यांतील साधा नमुना घ्यावा व चित्र जतन करावें. सॅमसंगच्या मोबाइलांत त्या कंपनीच्या स्वतःच्या गॅलरींतहि हीच सोय आहे : फोटो निवडावे, “क्रिएट” दाबावें, “कोलाज” घ्यावें. नवीन आवृत्तींत बटणांच्या जागा बदलतात. शब्द मात्र बहुधा तेच राहतात.

आयफोनच्या फोटोंच्या दालनांत असें तयार बटण नाहीं. पण २०१९ पासूनच्या आवृत्त्यांत “शॉर्टकट्स” नांवाचें साधन बरोबरच येतें. तें उघडून अधिकच्या चिन्हानें नवा शॉर्टकट सुरू करावा. त्यांत तीन कृती क्रमानें घालाव्या : पहिली “सिलेक्ट फोटोज”, व तिच्यांत अनेक फोटो निवडण्याची मुभा चालू करावी, दुसरी “कम्बाइन इमेजेस”, जिच्यांत फोटो आडवे, उभे कीं जाळीसारखे बसवावयाचे हें ठरवितां येतें, तिसरी “सेव्ह टु फोटो अल्बम”. ही मांडणी एकदांच करावी लागते. नंतर त्या शॉर्टकटास स्पर्श केला कीं तो फोटो मागतो आणि जोडून ठेवून देतो. घरांतील शाळकरी मुलास हें काम सांगावें. आजीला तें शिकविण्याचें कामहि त्याच्याकडेच द्यावें.

येथें एक सावधगिरी सांगितली पाहिजे. मोबाइलांतील साधन घरचें असलें तरी बॅकअप चालू असल्यास गूगल फोटोजमधील व आयक्लाउडमधील फोटोंची प्रत त्या कंपन्यांच्या संगणकांत जाते. तें नको असेल तर मोबाइलाच्या मांडणींत जाऊन बॅकअप बंद ठेवतां येतो. आणि कांहीं कारणानें परकें अ‍ॅप घेणें भागच पडलें, तर त्यास सर्व फोटोंची परवानगी देऊं नये. आयफोनमध्यें २०२० च्या, व अँड्रॉइडमध्यें २०२३ च्या आवृत्तीपासून “निवडलेलेच फोटो” दाखविण्याची सोय आहे. कोठीची किल्ली न देतां वाटीभर साहित्यच बाहेर काढून देण्यासारखें हें आहे.

छापावयाच्या चित्राचा थोडा हिशेब ठेवावा. चांगल्या छपाईस इंचाला ३०० ठिपके लागतात असें धरतात. १२ इंच रुंद व ८ इंच उंच चौकटींत चार फोटो बसविले, तर एकेकाच्या वाट्यास ६ इंच रुंदी व ४ इंच उंची येते. म्हणजे प्रत्येक फोटो निदान १८०० ठिपके रुंद व १२०० ठिपके उंच हवा, आणि सबंध चित्र ३६०० व २४०० ठिपक्यांचें. जोडलेल्या चित्राच्या तपशिलांत हे आंकडे दिसतात. ते फारच कमी असतील तर चौकट लहान घ्यावी.

हीच युक्ति रोजच्या कामींहि येते. लालबाग-परळ भागांत व गिरगांवांत जुन्या चाळींचा पुनर्विकास चालू आहे, आणि कागदपत्रांच्या प्रती वारंवार द्याव्या लागतात. ओळखपत्राच्या दोन्ही बाजू एका पानावर हव्या असतील, तर वरील रीतीनें त्या एकाखालीं एक जोडाव्या. अनेक पानांची एकच फाइल हवी असेल, तर अँड्रॉइडवर फोटो निवडून “प्रिंट” म्हणावें व छपाईयंत्राऐवजीं “सेव्ह अ‍ॅज पीडीएफ” घ्यावें. आयफोनवर फोटो “फाइल्स” मध्यें ठेवून, निवडून, “क्रिएट पीडीएफ” म्हणावें. जेथें चालत असेल तेथें आधारची झांकलेल्या आंकड्यांची प्रत द्यावी. तिच्यांत शेवटचे चारच आंकडे दिसतात.

परळच्या केईएम किंवा टाटा रुग्णालयांत बाहेरगांवाहून येणाऱ्या रुग्णांच्या नातेवाइकांनाहि एक सूचना उपयोगी पडेल. जखम किंवा त्वचेवरील चट्टा कमी झाला कीं वाढला हें डॉक्टरांस दाखवावयाचें असेल, तर आठ दिवसांच्या अंतराचे दोन फोटो शेजारीं जोडावे. दोन्ही वेळां उजेड व अंतर तेंच ठेवावें, आणि शेजारीं मोजपट्टी धरावी. फोटो उजळ किंवा गुळगुळीत करणारी कोणतीहि सजावट वापरूं नये. ती चट्टाच पुसून टाकील.

येथपर्यंत सांगितलेलें सारें काम शेजारीं शेजारीं मांडण्याचें आहे. फोटो एकत्र करण्याचा दुसराहि एक प्रकार आहे. तो म्हणजे एका फोटोंतील माणूस कापून दुसऱ्या फोटोंत असा बसवावयाचा, कीं सांधा दिसूं नये. पहिल्याला आपण मांडणी म्हणूं, दुसऱ्याला मिसळ. मांडणी आणि मिसळ यांतील भेद लहान वाटतो. पण घराच्या इतिहासाच्या दृष्टीनें तो फार मोठा आहे.

मिसळ ही मोबाइलाची करामत आहे, असा समज असेल तर तो सोडून द्यावा. फोटोग्राफीची कला १८३९ सालीं जगजाहीर झाली, आणि १८५४ सालीं मुंबईंत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे त्या काळचे नांवाजलेले फोटोग्राफर होते. त्याच वेळीं मुंबईंत असलेल्या विल्यम जॉन्सन यांनीं १८६३ व १८६६ या सालीं “दि ओरिएंटल रेसेस अँड ट्राइब्स, रेसिडेंट्स अँड व्हिजिटर्स ऑफ बॉम्बे” हा ग्रंथ दोन भागांत प्रसिद्ध केला. मुंबईंतील निरनिराळ्या जातिजमातींचे लोक त्यांत आपापल्या पोशाखांत दिसतात. मागें इमारती, झाडी, मोकळा देखावा. पाहणारास वाटतें, कीं हीं माणसें खरोखरच तेथें उभीं होतीं. वास्तविक माणसांचे फोटो वेगळे काढले होते, देखाव्यांचे वेगळे. दोन्ही जोडून एक चित्र केलें होतें. इंग्लंडांत हेन्री पीच रॉबिन्सन यांनीं १८५८ सालीं एका मरणासन्न मुलीचें व तिच्या आप्तांचें चित्र पांच निगेटिव्ह जोडून केलें, तेव्हां त्यावरून बराच वाद झाला. वादाचें कारण उघड होतें : जें घडलें तेंच फोटोंत असतें अशी लोकांची श्रद्धा होती, आणि येथें न घडलेला प्रसंग फोटोंत दिसत होता.

याच्या उलट, दादासाहेब फाळके यांनीं १९१२ सालीं वाटाण्याचा दाणा कुंडींत पेरून त्याचे फोटो ठराविक अंतरानें काढले आणि एकामागून एक जोडून “अंकुराची वाढ” हा छोटा चित्रपट केला. अनेक दिवसांची वाढ प्रेक्षकांस घटकाभरांत पहावयास मिळाली. त्यांतील एकहि फोटो खोटा नव्हता. फाळक्यांचें “राजा हरिश्चंद्र” पुढें दादरला तयार झालें व ३ मे १९१३ रोजीं गिरगांवांतील कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्यें लोकांसमोर आलें. दादर पूर्वेच्या एका रस्त्याला आज त्यांचें नांव आहे. चमत्कार दाखविण्यासाठीं फाळक्यांनीं पडद्यावर मिसळहि पुष्कळ केली. पण ती नाटकासारखी होती. पाहणारा जाणून पाहत होता. दोष मिसळीचा नव्हे, न सांगितलेल्या मिसळीचा असतो.

आज ही मिसळ बोटाच्या एका दाबावर आली आहे. २०२२ पासून आयफोनमध्यें फोटोंतील व्यक्तीवर बोट दाबून धरलें कीं ती मागील देखाव्यापासून सुटी होते व दुसरीकडे चिकटवितां येते. २०२४ सालीं गूगलच्या पिक्सेल ९ या मोबाइलांत अशी सोय आली, कीं फोटो काढणारा माणूसहि नंतर त्याच समूहांत बसवितां यावा. हा उपयोग निर्दोष आहे. तो माणूस तेथें होताच, केवळ कॅमेऱ्यामागें होता. आपल्या जुन्या ग्रूप-फोटोंत ज्या काकांनीं फोटो काढला ते कधींच दिसत नाहींत, ही उणीव त्यानें भरून निघते.

कठीण प्रश्न पुढेंच आहे. सहस्रचंद्रदर्शनाच्या समारंभाचा फोटो निघतो. आजोबांच्या शेजारची खुर्ची रिकामी आहे, कारण आजी चार वर्षांपूर्वीं गेल्या. नातवाला वाटतें, कीं आजींना एखाद्या जुन्या फोटोंतून उचलून त्या खुर्चीवर बसवावें. त्याचें प्रेम खरें आहे, आणि आजोबांचे डोळेहि भरून येतील. तरी आमचें मत असें, कीं त्या खुर्चीवर आजींना बसवूं नये. त्या दिवशीं त्या नव्हत्या, आणि त्यांचें नसणें हाहि घराच्या इतिहासाचाच भाग आहे. आजोबांनीं तो दिवस एकट्यानें निभावून नेला, हें त्यांच्या पणतवंडांस कळलें पाहिजे. आजींचा उत्तम फोटो घ्यावा, समारंभाच्या फोटोच्या शेजारीं लावावा, आणि मध्यें एक पांढरी रेघ राहूं द्यावी. जुन्या भिंतीवर हयात असलेल्यांचे व दिवंगतांचे फोटो असेच शेजारीं लागत. चौकटी वेगळ्या होत्या म्हणून कोणाचें प्रेम कमी ठरलें नाहीं.

कोणी म्हणेल, घरचाच फोटो, त्यांत फसवणूक कोणाची? आज कोणाचीच नाहीं. आपल्याला सर्वांना ठाऊक आहे. परंतु ज्यांना ठाऊक आहे तीं माणसें पन्नास वर्षांनीं नसतील, आणि फोटो असेल. तेव्हांचें मूल त्या चित्रावर बोट ठेवून म्हणेल, कीं पणजी त्या दिवशीं होती; तें खोडून काढण्यास कोणी नसेल. घराण्याच्या वंशावळी, वतनाचे कागद आपण जपले ते त्यांत लिहिलेलें खरें आहे या विश्वासावर. फोटोंचा संग्रह हाहि तसाच कागद आहे. इतकेंहि करून आजोबांनींच हट्ट धरला, तर त्यांचें मन मोडूं नये. मिसळलेलें चित्र जरूर करून द्यावें. मात्र मूळ फोटो निराळा ठेवावा व मिसळलेल्या चित्रावर तसें स्पष्ट लिहावें.

लिहिण्याचें आणखी एक कारण आहे. मोबाइल प्रत्येक फोटोबरोबर तो काढल्याची तारीख नोंदून ठेवतो. पण जोडलेल्या चित्रावर बहुधा जोडल्या दिवसाचीच तारीख पडते. मुंजीचा, लग्नाचा, नोकरीचा, नातवंडांचा, सारे फोटो एकाच दिवसाचे होऊन बसतात. म्हणून मूळ फोटो कधींहि पुसूं नयेत. चौकट तयार झाली कीं तिच्या मागें जाड कागद चिकटवून त्यावर पेन्सिलीनें लिहावें : डावीकडून कोण, कोणतें साल, कोणतें गांव, मूळ फोटो कोणाच्या घरीं आहे, आणि जोडणाराचें नांव. चार घरांतील वडील माणसांस विचारल्याशिवाय ह्या ओळी पुऱ्या होणार नाहींत. तो विचार आजच फोन करून घ्यावा. उत्तर देणारीं माणसें ऐंशीच्या घरांत आहेत.